वयनी, चाय ठेव

माझ्या आईने शेजारच्या घरात पिठलं-भाताचा टोप नेला आणि गावाने आमच्याशी बोलणं बंद केलं. हे मी आधी कॉलेजात सरांना सांगितलं, मग अर्जात लिहिलं, मग जबाबात सांगितलं. प्रत्येकाने एकच विचारलं, "एवढंच?" जणू मधलं काहीतरी मी लपवते आहे. मी काही लपवलेलं नाही. पण नुसतं एवढंच सांगितलं की ते खोटं वाटतं, म्हणून इथे सगळं सांगायचा प्रयत्न करते. सर म्हणाले होते, राग शांत झाल्यावर लिही. मी वाट पाहिली. तो शांत झाला नाही.

आमचं गाव रोह्यापासून आत आहे. फाट्यापर्यंत मिनीडोर रिक्षा, पुढे चालत. भाताची शेती, आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल. गणपतीच्या आधीचे महिने बाबा पेणला मूर्तींच्या कारखान्यात जातात. मूर्ती घासायची आणि पांढऱ्या रंगाचा पहिला हात द्यायचा, हे त्यांचं काम. डोळे आखणारे कारागीर वेगळे. मी रोह्याला बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकात छापलेलं सगळं मला बरेच दिवस खरं वाटायचं.

शेजारच्या घरातल्या मुलाने जातीबाहेरच्या मुलीशी लग्न केलं. आमच्याकडे गावकी असते, म्हणजे घराघरांतल्या कर्त्या पुरुषांची देवळातली बैठक. गावकीने त्या घराला वाळीत टाकलं. मुलगा बायकोला घेऊन पनवेलला निघून गेला, शिक्षा मागे राहिलेल्या आईबापाने भोगली. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, त्यांच्या दारात जायचं नाही, त्यांना कार्याला बोलवायचं नाही. आम्हीही बोलत नव्हतो. आई फक्त शेवग्याच्या शेंगा तोडताना दोनचार कुंपणापलीकडे पाडायची आणि त्या काकू काही न बोलता उचलायच्या. एवढीच त्या दोघींची बोलाचाली.

उन्हाळ्यात ते काका, त्या मुलाचे वडील, गेले. छातीत कळ आली आणि दुपारच्या आत सगळं संपलं. मुलगा आला, बाहेरगावचे चार नातेवाईक आले, त्यांनीच खांदा दिला. गावातल्या एकाही दारातून माणूस बाहेर आला नाही. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्याने कडू घास न्यायचा, साधा पिठलं-भात, आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावायचे. भांडण असलं, बांधावरून कोर्टकचेरी चालू असली, तरी कडू घास जातो. मी लहानपणापासून हेच बघत आले.

संध्याकाळी स्मशानातून माणसं परतली तशी आईने टोप कमरेवर घेतला.

बाबा ओट्यावर होते. म्हणाले, "थांब गो. गाव बघतोय."

"बघू दे," आई म्हणाली. "तिनं सकाळपासून पाणी पन घेतलं नसंल."

ती मागच्या परसातूनही जाऊ शकली असती. कुंपणाला तिथे वाट आहे. ती पुढच्या रस्त्याने गेली.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. बाबांना बोलावणं आलं. गावकीचे अध्यक्ष शांतपणे बोलले म्हणे. ते नेहमी शांतपणेच बोलतात. गावाचा नियम मोडला, तर देवासमोर नारळ ठेवायचा, गावाला हात जोडायचे, चुकी झाली म्हणायचं, की विषय संपला. नारळ ज्याने चूक केली त्यानेच ठेवायचा. म्हणजे आईने.

"कसली चुकी?" आईने बाबांना विचारलं. "पिठल्यात मीठ कमी पडलं व्हतं काय?"

तिने नारळ ठेवला नाही. त्या दिवसापासून आम्हीही वाळीत.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे न भोगलेल्याला कसं सांगावं मला कळत नाही. कोणी मारत नाही. कोणी शिवी देत नाही. मी मिनीडोरमध्ये बसले की बाजूला बसलेली बाई पिशवी उचलून मांडीवर घेते आणि समोरचीला म्हणते, "आज गाडी रिकामीच गो," आणि गाडी तर भरलेली असते. दुकानदार आमच्या मागून आलेल्याला आधी देतो, मग त्याच्या मागच्याला, मग दुकान बंद करतो. शेवटी मी तेल, साखर, काड्यापेटीसुद्धा रोह्याचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातून आणायला लागले. तिथल्या दुकानदार चाचांनी दोन-तीन वेळा बघितलं आणि विचारलं, "बेटा, तुमच्या गावात दुकान नाय काय?" मी म्हटलं, आहे.  पुडी बांधताना साखर जरा जास्त पडली.

सगळ्यात वाईट लावणी गेली. आमच्याकडे पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात लावणी करतात, आज सगळे तुमच्याकडे, उद्या सगळे आमच्याकडे. तीन माणसांनी शेत लावायचं म्हणजे काय, ते आमच्या कमरांना माहीत. बाजूच्या शेतात गाणी चालली होती. आई ती गाणी त्यांच्यापेक्षा चांगली म्हणते. एका ठिकाणी त्या बायका कडवं विसरल्या, पुढे काय ते कोणालाच आठवेना. आई वाकलेलीच होती, तिच्या तोंडात ते कडवं आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं आणि रोपाची मूठ चिखलात जरा जोरात खोचली.

त्याच दिवसांत वर्गात सर 'कायदा आणि नीती' शिकवत होते. कायदा माणसाच्या बाहेरच्या वागण्यावर चालतो, नीती मनावर. कायदा मोडला तर शासन शिक्षा करतं, नीती मोडली तर समाज नावं ठेवतो. मी उत्तर पाठ केलं, लिहिलं, चांगले गुणही मिळाले. पण लिहिताना माझा हात अडखळत होता. आमच्याकडे समाजच शिक्षा करत होता, आणि तीही नीती पाळल्याबद्दल. ही ओळ कुठल्या मुद्द्याखाली बसवायची ते मला कळेना, म्हणून मी ती लिहिलीच नाही.

तास संपल्यावर धीर करून सरांना सांगितलं. त्यांनी ग्रंथालयातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपल्या राज्याचा कायदा काढून माझ्यापुढे ठेवला. मी तो उभ्यानेच वाचला. बहिष्कार घालणं गुन्हा, त्यासाठी बैठक घेणं गुन्हा, भाग पाडणं गुन्हा. कोणीतरी आमच्या ओट्यावर बसून लिहावं तसं होतं ते. मला रडू आलं. कायदा वाचून रडणारी मुलगी सरांनी बहुधा पहिल्यांदाच बघितली.

मी रोह्याच्या पोलीस ठाण्यात अर्ज केला. बाबा घाबरले. ठाण्याच्या साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी मला खुर्ची दिली. अध्यक्ष चार माणसं घेऊन आले होते, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत.

"बहिष्कार? आमच्या गावात?" अध्यक्ष हसले. "साहेब, कोन कोनाशी बोलत नाय, हा काय गुन्हा हाय? माझी बायको माझ्याशी चार दिवस बोलत नाय, तिच्यावर पन कलम लावा."

सगळे हसले. साहेबही थोडे हसले, मग त्यांनी हसू आवरलं.

"बैठक झाली होती का?"

"भजनाची झाली. दर शनवारी व्हते."

"नारळ ठेवायला सांगितला?"

"देवापुढं नारळ ठेवायला कोनाला बंदी हाय काय साहेब? आनि ही वकीलबाई," माझ्याकडे न बघता त्यांनी हात माझ्या दिशेने केला, "लहान हाय. शिकतेय. शिकू दे."

साहेबांनी शेवटी त्यांना समज दिली. गणपती जवळ आले आहेत, गावातल्या प्रत्येक घरी आरती झाली पाहिजे, मी माणूस पाठवीन, एक घर जरी सुटलं तर पुढची कारवाई करीन. अध्यक्षांनी हात जोडले. "करू ना साहेब. आमचा देव सगळ्यांचा हाय." मला वाटलं, जिंकलो. पुलावरून जाताना मी कुंडलिका नदीकडे बघत मनात पुढची वाक्यं जुळवत होते, आईला कसं सांगायचं त्याची.

आमच्या गावात गणपती पेणहून येतात, सगळ्या घरांचे मिळून एका टेम्पोत. या वेळी टेम्पोत आमच्या गणपतीला जागा नव्हती. बाबांनी तो मांडीवर घेऊन पेणहून रोह्यापर्यंत गाडीतून आणला. डब्यातल्या लोकांनी सरकून जागा दिली, एका म्हाताऱ्याने मूर्तीवर ऊन येतं म्हणून खिडकीला पंचा लावला. रोह्याच्या स्टेशनबाहेर मिनीडोरवाल्याने त्यांना बघून गाडी पुढे काढली. बाबा चालत आले. ओट्यावर मूर्ती ठेवली आणि हात झटकत म्हणाले, "बाप्पाला पन टाकलं वाळीत. आता हा काय करनार? हा पन अर्ज करनार काय?" आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

आमच्याकडे संध्याकाळी आरतीची मंडळी घरोघर फिरतात, टाळ, झांजा आणि एक ढोलकी. आमचं घर ओळीत शेवटचं. त्यामुळे आरती संपली की सगळी आमच्याच ओट्यावर टेकायची. ढोलकीवाले काका गळ्यातून ढोलकी उतरवायचे, तिला फडक्यात गुंडाळायचे आणि आत बघून ओरडायचे, "वयनी, चाय ठेव." मला समजायला लागल्यापासून दरवर्षी हेच. आई मुद्दाम ते ओरडेपर्यंत चहा ठेवायची नाही. एकदा तिने आधीच ठेवला होता, तर काका रुसले होते, "मंग मी वराडलो कशाला?"

त्या संध्याकाळी ते आले. पुढे अध्यक्ष, मागे सगळी मंडळी, दाराबाहेर साहेबांनी पाठवलेला हवालदार. एका माणसाच्या हातात मोबाइल, तो पहिल्यापासून चित्रीकरण करत होता. मोबाइल आधी आमच्या दाराच्या चौकटीवरून फिरला, मग गणपतीवर, मग आईवर. आईने पदर सारखा केला. आरती खणखणीत झाली. इतकी मोठ्याने आमच्या घरात कधीच झाली नव्हती. कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. सगळे गणपतीकडे बघून गात होते आणि मला वाटलं, गणपतीच तेवढा खाली बघतोय.

आरती झाली. आईने खोबरं-साखरेची खिरापत प्रत्येकाच्या हातावर ठेवली. प्रत्येकाने ती घेतली. मोबाइल चालू होता.

आणि ढोलकीवाल्या काकांनी ढोलकी गळ्यातून उतरवली. कपाळाचा घाम पुसला. फडकं काढलं, ढोलकी गुंडाळायला लागले, आणि आत बघून ओरडले,

"वयनी, चाय ठेव."

सगळं थांबलं. काकांचा हात फडक्यावर तसाच राहिला. ते जे बोलले ते त्यांनाही तेव्हाच ऐकू आलं असावं. कारण चेहरा आधी हसरा होता, आणि मग मी डोळ्यांनी बघितलं, त्यावरून हसू निघून गेलं.

"ठेवते भावजी," आई म्हणाली. तिच्याही तोंडून तसंच गेलं. ती धावत आत गेली. टोप खाली काढल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला.

"चला," अध्यक्ष म्हणाले. "आजून घरं ऱ्हायलीत."

आमच्यानंतर घर नाही. शेत आहे. पण सगळे उठले. काकाही उठले, ढोलकी अर्धवट गुंडाळलेली, फडक्याचं टोक जमिनीवरून ओढत. आई कपबश्या मांडून ताट घेऊन बाहेर आली तेव्हा ओट्यावर हवालदार एकटाच होता. त्याने एक कप घेतला. "चांगला झालाय," म्हणाला. त्याची काय चूक. बाकीचा चहा आईने केळीच्या बुंध्यात ओतला.

मी अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यापर्यंत गेले. त्याच्यावर ओळीने खिरापतीचे ढीग ठेवलेले होते. फेकलेले नव्हते, नीट ठेवलेले होते, प्रत्येकाने आपापला. देवाचा प्रसाद पायाखाली येऊ नये एवढी काळजी त्यांनी घेतली होती. याचा मला जितका राग आला तितका कशाचाच आला नाही. एवढी नीती तुमच्याकडे आहे, देवाच्या खोबऱ्याला पाय लागू नये इतकी आहे, मग ती जाते कुठे? नवरा गेलेल्या बाईच्या दाराशी ती का थांबते? मी तिथे उभी राहून मोठ्याने हेच विचारलं. अंगणात कोणी नव्हतं. मुंग्या यायला लागल्या होत्या.

दोन दिवसांनी देवळाच्या कर्ण्यावरून आवाज आला. गणपतीत भजनासाठी कर्णा लावलेलाच असतो. त्या संध्याकाळी बैठक बसली आणि कर्णा बंद करायला कोणी विसरलं नव्हतं, मुद्दाम चालू ठेवला होता. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. काकांचा आवाज आला, ढोलकीइतकाच ओळखीचा.

"सवयीनं तोंडातून गेलं. चुकी झाली. गावानं पोटात घालावी."

मग नारळ ठेवल्याचा आवाज आला नाही, पण आम्हाला तो ऐकू आला. आईने हातातला घास ताटात परत ठेवला. त्या माणसाने चहा मागितला होता. आयुष्यभर मागत आला होता तसा. आरतीच्या संध्याकाळी आमच्या घरात जेवढी माणसं होती, त्यांच्यात एकच खरं वाक्य बोललं गेलं, आणि त्याचीच माफी मागितली गेली.

यापुढे जे झालं ते सांगताना मला अजूनही धड वाक्य सुचत नाही. साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर त्यांचा मोबाइल होता, त्यात ते चित्रीकरण. त्यांनी ते मला दाखवलं. आरती, खिरापत, आणि मग काका. "वयनी, चाय ठेव." "ठेवते भावजी." तिथे ते संपत होतं.

"हे बघा," साहेब म्हणाले, "आरती केली, प्रसाद घेतला, चहासुद्धा मागितला. बहिष्कार असता तर घरात चहा मागितला असता का?"

मी म्हटलं, "साहेब, त्यासाठी त्यांना नारळ ठेवावा लागला."

"कोणी बघितलं?"

"कर्ण्यावरून ऐकलं."

"काय ऐकलं?"

"चुकी झाली, पोटात घाला."

"कशाची चुकी, ते म्हणाले का?"

नव्हते म्हणाले. मी गडग्यावरच्या खिरापतीचा फोटो दाखवला. साहेबांनी तो मोठा करून बघितला, बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ताई, खाणं न खाणं ज्याचं त्याचं. मला कागदावर काय टिकतं ते बघावं लागतं. त्या ढोलकीवाल्यांनी जबाब दिला तर मी पुढे जातो. नाहीतर तक्रार मिटली म्हणून सही करा, सोमवारपर्यंत." त्यांनी कागद दिला.

म्हणजे गावकीने त्या वाक्याला गुन्हा ठरवलं, आणि कायद्याने तेच वाक्य गुन्हा नसल्याचा पुरावा म्हणून घेतलं. एकच वाक्य. दोन्ही ठिकाणी ते आमच्याच विरुद्ध गेलं. मी कायद्यावर रागावू की नाही हे मला खरंच कळत नाही. त्या कायद्याशिवाय आमच्या घरी आरतीसुद्धा झाली नसती. पण कायद्याने माणसं दारापर्यंत आणली आणि त्याला वाटलं, पोचलो.

काका मला रोह्याच्या एसटी स्टँडवर भेटले. गावातली माणसं रोह्यात आली की कधीकधी बोलतात. पूल ओलांडून अष्टमीत तर आमच्या आळीतल्या एका बाईने एकदा मला चक्क विचारलं होतं, "बरी हाईस ना गो?" आणि संध्याकाळी गावात मला ओलांडून गेली. काका बाकावर बसले होते. इकडेतिकडे बघून म्हणाले, "बस."

मी बसले नाही. "काका, जबाब द्याल?"

"पोरी, मी ढोलकी वाजवनारा मानूस. एकटा वाजवून काय करू? टाळ कोन धरंल?"

"तुम्ही काय चूक केली होती?"

 गाडी लागली, लोक धावले, ते उठले नाहीत.

"वयनीनं ठेवला व्हता काय चाय?" त्यांनी विचारलं.

"भरून टोप ठेवला होता. केळीत ओतला."

त्यांनी मान हलवली. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला ओरडावंसं वाटलं की तुम्ही सगळे असेच, मनातून चांगले. अख्खं गाव मनातून चांगलं आहे, आणि आमची लावणी तिघांनी केली. मी एवढंच म्हटलं, "येते काका." ते म्हणाले, "साहेबाला सांगू नको, मी बोललो ते."

त्या संध्याकाळी बाबांनी बाजारातून नारळ आणला. काही न सांगता देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवला. कशासाठी, ते विचारायची गरज नव्हती. अजून शेंडी होती त्याला.

"कापनी आली," ते रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाले. "भात उभा हाय शेतात. परत तिघांनीच? तुझी कंबर बघ. एक नारळ. तोंडानं म्हनायचं, मनानं नको म्हनू."

"तोंडानं म्हटलं की झालं काय?" आई म्हणाली. "मंग तो भावजी तोंडानंच म्हनाला ना चाय ठेव? ते का नाय चाललं?"

बाबा भात कालवत राहिले. मला वाईट वाटलं त्यांचं. ते भित्रे नाहीत. गणपतीआधी ते दिवसभर मूर्ती घासत होते, नाकातोंडात भुकटी जात होती, आणि गावात परतल्यावर कोणी त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हतं. माणसाला बोलायला माणूस लागतं. मी म्हटलं, "आई, तू ठेवलास नारळ तरी मी काही म्हणणार नाही." हे मी मनापासून म्हटलं की दमून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईने माझ्याकडे बघितलं. "त्यांना टाकलं तवा आपन पन गपच व्हतो," ती म्हणाली. "त्याचा नारळ ठेवायचा आसंल तर सांग. तो मी ठेवीन. तिच्या दारात ठेवीन."

 नारळ तिथेच राहिला.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा आई उंबऱ्यात बसून मोड आलेले वाल सोलत होती. वाल भिजवून मोड यायला वेळ लागतो. म्हणजे तिचं आधीच ठरलेलं होतं आणि ती कोणाला बोलली नव्हती. सोलून झाले तशी ती उठली, देव्हाऱ्याजवळचा नारळ घेतला, शेंडी ओढून काढली आणि मागच्या पायरीवर दोन घावांत फोडला. बाबा चहा पीत होते. त्यांनी बघितलं. मग उठून फळीवरची खोबऱ्याची खवणी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

आईने वालाचं बिरडं केलं. खोबरं हात राखून नाही, सगळंच्या सगळं घातलं. डबा भरला. शेजारच्या त्या काकू आता अष्टमीत एका खोलीत भाड्याने राहतात. नवऱ्यामागे त्यांना गावात राहवलं नाही.

"तिला दे," आई म्हणाली. मी डबा पिशवीत घालायला लागले तर तिने पिशवी काढून घेतली.

"पिशवीत नको. हातात धर. दिसू दे."

मी निघाले. साहेबांचा कागद खांद्यावरच्या बॅगेत होता, त्यावर सही केलेली नव्हती, आणि सोमवारी मी ती करणार नाही हे मला तेव्हा कळलं. देवळाच्या पारावर अध्यक्ष होते, चारपाच माणसं होती, ढोलकीवाले काकाही होते. मी समोरून गेले. डबा गरम होता, कडीचा चटका बसत होता. मी तो या हातातून त्या हातात घेतला, पण खाली केला नाही. बिरड्याचा वास पारापर्यंत गेला असणार. कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. फाट्यावर मिनीडोर उभी होती. या वेळी मी हात केला नाही. रस्त्याच्या मधून चालत राहिले, आणि मागून भोंगा वाजला तरी बाजूला झाले नाही.